गजराक्काचा हात

फाल्गुन लागला की आमच्या विहिरीवरच्या पांगाऱ्याला पान राहत नाही, नुसती लाल फुलं. साळुंक्या त्यात चोची खुपसून भांडत बसतात, आणि त्याच पांगाऱ्याच्या अंगावर चढलेली भोकरी जातीची म्हातारी द्राक्षवेल खाली गुपचूप पिकत असते. तिच्या घडांकडं कोणी व्यापारी बघत नाही. मणी बारके, साल जाड, आत बी, आणि पानांवर भुरी रोगाची राख उडालेली. पण ह्या दिवसांत विहिरीवर गेलं की एक वास येतो. गोडसर, जरा आंबूस, पिकल्या बोरांच्या टोपलीवरचं फडकं काढल्यावर येतो तसा. तो वास आला की मी मोटारीचं बटण दाबतो आणि माघारी फिरतो. उभा राहत नाही.

का उभा राहत नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाट बघायला नको. माझी थोरली बहीण गजरा, तिचा हात वाईट नव्हता. तो वाईट आहे असं गल्लीतल्या बाया म्हणाल्या, मग घरातल्या म्हणाल्या, शेवटी ती स्वतःच म्हणायला लागली. आणि खरं काय ते मला माहीत असताना मी तोंड उघडलं नाही. झालं, एवढंच. चार ओळींची गोष्ट आहे. पण ती चार ओळींत संपली असती तर मी ह्या वयात कागद घेऊन बसलो नसतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तर म्हणाले होते पोराला पाठवा, पण मलाच बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकायचा कंटाळा. तो कंटाळा आजतागायत गेलेला नाही. मी चुकलो, असं म्हटल्याचं माझ्या घरात कोणाला आठवणार नाही. पाऊस चुकला, व्यापारी चुकला, सरकार चुकलं, बैल चुकला. रंगनाथ चुकला नाही. लोक म्हणतात, हा माणूस खांबावाणी आहे. मला ते बरं वाटायचं. खांबाला वाकता येत नाही हे मी ध्यानात घेतलं नव्हतं.

आमच्या वडिलांची बाग निराळी होती. आता आहे तसा तारांचा मांडव तेव्हा नव्हता. पांगाऱ्याचे खुंट जमिनीत रोवायचे, ते खुंट फुटून जिवंत झाड व्हायचं, आणि एकेका झाडाला एकेक वेल. दोन वेलींमधून गाय आरामात जायची. वारा जायचा, ऊन जायचं, वाट चुकलेली पाहुणीसुद्धा जायची. भोकरीला भाव नव्हता, पण तिला फारसं दुखणंही नव्हतं. भुरी यायची, नाही असं नाही. कुठल्या वेलीवर राख दिसली की वडील गंधकाची पुरचुंडी फडक्यात बांधून त्या वेलीपुरती झटकायचे आणि म्हणायचे, "हिला पडसं झालंय." पडसं झालेल्या वेलीच्या शेजारची वेल ठणठणीत असायची. मला ते तेव्हा गावंढळ वाटायचं.

गजराक्का मालेगावला दिली होती. दाजी तिथं मागावर कामाला. बहात्तरच्या दुष्काळानंतर तो खोकल्यानं गेला, पोरबाळ नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला एका वळकटीसकट एसटीत बसवून दिलं. मी तिला फाट्यावर उतरवून घ्यायला गेलो. वळकटी माझ्याकडं दिली, पण काखेत धरलेलं एक काळं, जाड बुडाचं मडकं काही देईना.

"काय हाय त्यात?" मी विचारलं.

"माझं सासर," ती म्हणाली. "तेवढंच आणलंय. फोडलंस तर बघ."

मालेगावात त्यांच्या बोळात शेजारी विणकरांची घरं. तिथल्या एका चाचीनं तिला शिरका, म्हणजे द्राक्षाच्या रसाची आंबट आंबवण, करायला शिकवला होता. आपल्याकडं त्याला कोणी ओळखत नव्हतं. गजराक्कानं पहिल्याच हंगामात बागेत पडलेली, व्यापाऱ्यानं टाकून दिलेली, पाखरानं चोच मारलेली द्राक्षं गोळा केली. धुतली नाहीत. मी म्हटलं, माती तरी काढ. तर म्हणाली, "माती काढते, पण मण्यावरची ती पांढुरकी साय हाय ना, ती पुसायची नाय. चाची म्हणायची, जीव तिथं असतो." मग दोन्ही हात कोपरापर्यंत मडक्यात घालून तिनं ती चुरली, तोंडाला फडकं बांधलं, आणि मडकं चुलीमागच्या उबेला ठेवून दिलं. बाहेरून काही घातलं नाही. विरजण नाही, गूळ नाही, काही नाही.

दोन-तीन दिवसांनी मडकं बोलायला लागलं.

खरंच बोलायचं. कान लावला तर आत बारीक फुस्स-फुस्स चाललेलं, मधेच एखादा बुडबुडा मोठ्यानं फुटायचा, जसं भजनात कोणी उगाच खाकरतं. फडकं वर उचलल्यासारखं व्हायचं. घरभर वास सुटायचा आणि तो गल्लीतही जायचा. शेजारचा निवृत्ती कुंपणावरून ओरडायचा, "काय रंगनाथ, घरात भट्टी लावली का?"

आतून गजराक्काच उत्तर द्यायची. "लावली ना! ये सांजच्याला. पण घोटभर पिऊन बायकोच्या पाया पडत सुटशील, मग मला सांगू नको."

माझी मंदा तेव्हा एवढीशी. ती मडक्याला कान लावून तासन्‌तास बसायची. "आत्या, आत कोण बोलतं?"

"तुझा बाप. बाहेर लय बोलतो ना, म्हणून कोंडून ठेवलाय."

ही बुडबुड्यांची उकळी निवली की ती रस गाळून मडकं उन्हाला काढायची, आणि उन्हाळाभर ते हळूहळू आंबट होत जायचं. वर पातळ जिलई धरायची, ती तुटू न देता खालून ओतून घ्यायची खुबी होती. कांदा चिरून त्यावर हा शिरका आणि चिमूटभर मीठ. बाजरीची भाकरी त्याच्याबरोबर खाल्ली की दुसरं कालवण नको वाटायचं. आग्रा रोडवरच्या ढाबेवाल्याला तो असा आवडला की तो सायकलवर कॅन लावून माणूस पाठवायचा. पोट दुखलं, उष्णता झाली, गजराक्काकडं या. कपाळ पांढरं झालेल्या बाईला गावात कोण विचारतं? पण तिला विचारायचे. कुरडईचे गहू भिजत घातले की चीक बरोबर आंबला का ते बघायला तिला बोलवायचे. ती चिकात बोट बुडवायची, जिभेला लावायची आणि सांगायची, आज वाटा, उद्या वाटा. हळदीला तिचा हात चालत नव्हता. ओटी भरायला चालत नव्हता. आंबवायला मात्र चालत होता, नुसता चालत नव्हता, लागत होता. बाया म्हणायच्या, गजराक्काच्या हाताला गुण आहे.

त्या हातावर ती उभी होती. मी तिला भाकरी घालत होतो, पण भाकरीवर माणूस जगतं, उभं राहत नाही.

मग मांडव आले.

सगळ्या तालुक्यातच आले, मला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. आणि दोष कसला? बिनबियांची द्राक्षं, लांब मणी, मुंबईला जाणारा माल. मी पांगारे तोडले, खांब पुरले, तारा ओढल्या आणि सगळ्या वेली डोक्यावर पसरून एकमेकींत गुंतवल्या. खाली भर दुपारी सावली. माठाजवळ बसल्यासारखं गार. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, रंगनाथराव, हे काय बाग आहे का देऊळ? मीही छाती काढून फिरायचो. पण त्या गारव्यात वारा नव्हता. पाणी वाढवलं, खत वाढवलं, पानांवर पानं चढली, आणि पानाखालची ओल दुपार झाली तरी जाईना.

केवडा रोग आला तो त्या ओलीतून. ज्यानं पाहिलेला नाही त्याला सांगतो. पानावर आधी तेल सांडल्यासारखा पिवळा डाग दिसतो. पान उलटं करावं तर डागाच्या पाठीमागं पांढरा कापूस. दिसायला इतका मऊ की हात फिरवावासा वाटतो. एका ढगाळ आठवड्यात तो कापूस फुलोऱ्यावर चढला आणि सगळे कोवळे घड तंबाखूसारखे काळे होऊन गळले. मांडवाखाली चालताना पायाखाली कुरकुर वाजायची. माझी बायको हिरा पदर तोंडाला लावून बांधावर बसली होती. मी तेव्हाच ठरवलं, ह्या बागेत पुन्हा बुरशी म्हणून काही दिसता कामा नये.

आणि दिसली नाही. ही मी फुशारकी मारत नाही. म्हणजे मारतोच आहे, पण खरी. मोरचूद फडक्यात बांधून पिंपात टांगायचं, दुसऱ्या पिंपात कळीचा चुना विझवायचा, मग दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचे. आभाळासारखा निळा रंग तयार व्हायचा. त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी आहे. ह्या विळ्याच्या परीक्षेत मी कधी चुकलो नाही. पाठीवर पंप घेऊन मी स्वतः मारायचो, गड्याला देत नव्हतो. माझी धोतरं निळी, नखं निळी, भाकरीला मोरचुदाची कडू चव. भुरीसाठी गंधक, डोळे चुरचुरेपर्यंत. पुढं दुकानदारानं आत मुरणारी नवी औषधं आणली, तीही घेतली. छाटणी झाली की मारायचं, फूट निघाली की मारायचं, फुलोऱ्यात मारायचं, मणी भरताना मारायचं, आणि व्यापारी बघायला येणार म्हणून, काही नसलं तरी, तोडणीच्या तोंडावर एक मारायचं. वडील वेलीला औषध द्यायचे. मी बागेला देत होतो, दुखो न दुखो.

डाग नसलेला माल! सकाळी माझ्या बांधावर लोक उभे असायचे. "रंगनाथराव, आज काय मारलं?" मी सांगीन तेच गाव मारायचं. चौथी शिकलेल्या माणसाला विचारून बीए झालेले फवारायचे. हे सुख कसं असतं ते मी सांगू शकत नाही. माझी मान त्या दिवसांत जी ताठ झाली ती झाली.

पहिल्या वर्षी गजराक्काचं मडकं उशिरा बोललं. आठवडा गेला, मग कुठं एखादा बुडबुडा. ती म्हणाली, थंडी जास्त आहे. दुसऱ्या वर्षी बोललंच नाही. रस नुसता पडून राहिला, मग वर हिरवी-काळी बुरशी धरली आणि घाण वास सुटला. तिनं मडकं फुटेल इतकं घासलं, चुन्यानं धुतलं, उन्हात तापवलं आणि पुढच्या हंगामाला पुन्हा लावलं. मी शेतातून आलो की ती चुलीपाशी मडक्याला कान लावून बसलेली दिसायची. मंदा आता लग्नाच्या वयाची झाली होती. तिनं विचारलं, "आत्या, बोलतंय का?"

"झोपलंय."

पुन्हा हिरवी बुरशी आली. ढाबेवाल्याचा सायकलवाला रिकामा कॅन वाजवत गेला.

त्या दिवशी तिनं मला विचारलं. सरळ विचारलं, मी जेवत असताना. "रंग्या, तू द्राक्षावर मारतोस ते मडक्याला तर बाधत नसंल?"

मी हातातला घास खाली ठेवला. "औषध वेलीला हाय. मडक्याला काय व्हतंय? अख्खी मुंबई माझी द्राक्षं खाती, कोणी मेलं का?"

"मेलं नाय," ती म्हणाली. "पण मेल्यावाणीच दिसतंय आत."

"तुला येत नसंल आता," मी म्हणालो. "वय झालं."

हे मी म्हणालो. हिरानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी म्हणालं की गजराक्काच्या हाताचा गुण गेला. आठवड्यात त्याचं 'हात फिरला' झालं. पुढं कोणाचं लोणचं बिघडलं, कोणाचा चीक नासला, की आठवून बघायचे, गजरा येऊन गेली होती का? आणि छोट्या गावात ती कुठं येऊन गेलेली नसते?

आता विहिरीवरच्या वेलीचं. सगळे पांगारे तोडले तेव्हा हा एक वाचला तो गजराक्कामुळं. घरचं पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं. ती विहिरीच्या काठावर आडवी उभी राहिली होती. "तुझ्या त्या निळ्या पाण्याचा थेंब हितं पडला तर तुलाच प्यायला लावीन." विहीर बागेपासून वरच्या अंगाला, वाऱ्याच्या उलट बाजूला. म्हणून त्या एका वेलीवर कधी काही पडलं नाही. तिच्यावर भुरी होती, काळे ठिपके होते, पानामागं कोळी होते, आणि तरी ती दर फाल्गुनात पिकत होती.

मंदाचं लग्न जमलं, सातपूरच्या कारखान्यातला मुलगा. लग्न वैशाखात. त्याच्या आधीच्या त्या फाल्गुनात एक दिवस मोटार चालू करायला गेलो आणि तो वास आला, मडक्याचा. एक फुटलेला घड पांगाऱ्याच्या बेचक्यात अडकून पडला होता आणि त्याच्यातून फेस येत होता. माशा घोंघावत होत्या. मी बराच वेळ बघत राहिलो. मग कोणी बघत नाही असं पाहून चार घड तोडले, मोटारीच्या खोलीत तपेल्यात चुरले, वर फडकं टाकलं आणि ग्रीसच्या डब्यामागं ठेवून दिलं. दुसऱ्या एका डब्यात माझ्या मांडवातले घड तसेच चुरले. शाळा शिकलो नसलो तरी एवढं कळत होतं.

दोन दिवसांनी खोलीचं दार उघडलं आणि आत कोणीतरी बोलत होतं.

मी तपेल्याला कान लावला. गार पितळ कानाला लागलं. फुस्स-फुस्स. मधेच खाकरल्यासारखा मोठा बुडबुडा. मांडवातल्या द्राक्षांचा डबा मुका होता.

तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. बहिणीचं आठवलं, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आठवला माझा बांध आणि सकाळी तिथं उभे राहणारे लोक. उद्या त्यांना काय सांगायचं? तुमच्या आंबवणीचा जीव मी मारला, आणि तुम्हालाही मारायला शिकवला? मी ते तपेलं उचललं आणि पाटात ओतलं. फेस पाण्यावरून वाहत गेला, मुंग्यांची रांग तिकडं वळली. डबाही ओतला. तपेलं मातीनं घासून घरी आणलं. गजराक्का अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "तपेलं घेऊन कुठं गेला व्हतास?" मी म्हणालो, "मोटारीला पाणी पाजायला."

लग्नाच्या कुरडया आमच्या अंगणात झाल्या. माझी सासू आली होती, गल्लीतल्या बाया होत्या, साचे होते, खाटांवर धोतरं पसरली होती. गहू भिजले होते. आंबलेल्या चिकाचा वास अंगणभर होता, आणि तो बघायला ह्या वेळी तिला कोणी हाक मारली नाही. सासूबाई नुसतं म्हणाल्या, "शुभकार्य हाय, उगं कशाला." गजराक्का ओट्याच्या पायरीवर बसली होती. तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. कोणी सांगितलं नव्हतं घ्यायला. मग म्हणाली, "बरोबर हाय बाई. पोरीचं लग्न हाय, माझा हात नको. आन तिच्या कानावर घालू नका हे, अपशकुन नको."

मी दारात पानसुपारीचा हिशेब करत उभा होतो. मी ऐकलं. तिचे पदराखालचे हात पाहिले. माझं तोंड उघडायला काय लागलं असतं? एक वाक्य लागलं असतं.

मंदाला कोणी काही सांगितलं नाही. तिनं एवढंच पाहिलं की जिनं तिला अंगाखांद्यावर वाढवलं ती आत्या तिच्या लग्नाच्या कुरडयांना शिवली नाही, लोणच्याच्या फोडीला शिवली नाही, कोपऱ्यात बसून राहिली. पहिल्या बाळंतपणाला मंदा घरी आली, तेव्हा गजराक्कानं बाळाला घुटी उगाळून दिली नाही. "मला नीट उगाळता येत नाय आता," म्हणाली आणि बाहेर गेली. मंदा माझ्याजवळ रडली. "तात्या, आत्याला माझं सासर पसंत नव्हतं का? एवढा काय राग?" मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नको." मडक्यात तेव्हापासून भांडी घासायची राख असते.

मी आता पुष्कळ विचार करतो ह्या गोष्टीचा. वेलीच्या अंगावरही एक गाव असतं. त्यात चोर असतात, उठवळ असतात, पण कुंभारही असतो, सुतारही असतो, बाळंतपण करणारी सुईणही असते. डोळ्याला सगळे सारखे दिसतात, पांढरे, राखाडी, साय धरल्यासारखे. वडील चोराला ओळखून धरायचे. मी चोर धरायला गेलो आणि अख्खं गाव उठवलं. रिकाम्या गावात मग कोण येऊन राहतं? आधी येते ती हिरवी-काळी, घाण वासाची. ती येते, आणि आपण म्हणतो, बघा, बुरशी किती माजली, आणखी मारा.

पण हा विचार मला वेलीपाशी नेऊन सोडतो आणि तिथून पुढं सरकत नाही. कारण केवडा खरा होता. हिराचं तोंडावर पदर लावून बसणं खरं होतं. पुन्हा तोच हंगाम आला तर मी पुन्हा मोरचूद कालवीन, हे मी आजही कोणाच्या तोंडावर सांगतो. औषधाचं मला एवढं लागत नाही. तपेल्याचं लागतं.

ह्या वर्षी काय झालं, तर सुभाष, माझा मुलगा, आता बाग बघतो. त्याचा माल परदेशात जातो. परवा दुपारी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. गजराक्का खांबाला टेकून. नव्वदीला आली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, कानांना जास्त ऐकू येतं. वाइनच्या कारखान्यात माल देणाऱ्या एका मित्राकडं सुभाष जाऊन आला होता, त्याच्या गप्पा चालल्या होत्या. "आत्या, तुझ्यासारखं नाय आता. रस काढत्यात, आन पाकिटातलं यीस्ट टाकत्यात. तवा तो उकळतो. द्राक्षावरचं निसर्गाचं असतं ना, त्याचा भरवसा नाय, फवारणीनं मरतं ते."

 सुभाष उठून गेला. मग गजराक्कानं तोंड माझ्या बाजूला वळवलं.

"रंग्या, ऐकलंस?"

"ऐकलं."

"मला वाटतच व्हतं. तुला कवा कळलं?"

"आत्ताच की," मी म्हणालो. "हा बोलला तवा."

इतक्या वर्षांनीही माझ्या तोंडातून ते असं सहज निघालं, जसं पंपाच्या नळीतून औषध.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष करवत घेऊन विहिरीकडं निघाला. मी त्याला आडवा गेलो. तो वैतागला. "तात्या, ती एक वेल सगळ्या बागेला भुरी लावती. दर वर्षी तुमचं हेच. कारण तरी सांगा, का ठेवायची?"

माझ्याकडं कारण होतं आणि ते मला सांगता येईना. तेवढ्यात ओट्यावरून गजराक्का म्हणाली, "तोडू दे रे त्याला. म्हातारी झाली ती. तिचा काय उपयोग?"

मी सुभाषच्या हातातली करवत काढून घेतली. विहिरीवर गेलो. टोपलीत त्या वेलीचे घड तोडले, भुरीसकट, कोळ्याच्या जाळ्यासकट, आणि टोपली आणून तिच्या पुढ्यात ठेवली. गुडघे दुखतात माझे, तरी खाली बसलो.

"हे काय?" ती म्हणाली. मग वास घेतला. "भोकरी."

"काल तुला खोटं सांगितलं."

ती खांबाचं टेकण सोडून सरळ बसली.

"मला तवाच कळलं व्हतं. मंदीच्या लग्नाच्या आधी. ह्याच वेलीचे घड मोटारीच्या खोलीत चुरून ठेवले व्हते. तपेल्यात."

"उकळले?"

"उकळले."

"आवाज कसा व्हता?"

"तुझ्या मडक्यावाणी."

पांगाऱ्यावर साळुंक्या भांडत होत्या. सुभाष पायरीशी उभा होता, त्याला काही कळत नव्हतं.

"मग काय केलंस त्याचं?"

"पाटात ओतलं."

"गाढवा," ती म्हणाली. "शिरका झाला असता."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं पदराखालून हात काढला, टोपलीत घातला, एक मणी तोडला आणि त्याच्यावरची साय अंगठ्यानं हळू चोळत राहिली, जसं नाणं खरं का खोटं बघतात. तो हात मी नीट पाहिला. बोटं वाकडी झालेली, नखं स्वच्छ. इतकी वर्षं तिनं ती कशात बुडवली नव्हती.

मी म्हणालो, "मडकं घासून देऊ का?"

"मडक्याचं राहू दे. त्याला घाई नाय." तिनं मणी टोपलीत परत टाकला. "हिरा गेली, तुझी सासू गेली, त्या बायाही गेल्या. त्यांना आता काय सांगणार? मंदी हाय. तिला वाटतं मी तिच्या लग्नात रुसले व्हते. फोन लाव तिला."

"तू बोल ना. तू सांगितलंस तर तिला बरं..."

"म्या कशाला सांगू? तपेलं माझं व्हतं का?" तिनं कान माझ्याकडं केला, मडक्याकडं करायची तसा. "तू सांग. मी ऐकते."

सुभाषनं नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. हातात धरायला जड नाही तो, तरी मी दोन्ही हातांनी धरला. सातपूरला घंटी वाजत राहिली. मला वाटलं उचलणार नाही, स्वयंपाकात असेल. मग उचलला.

"हां तात्या," मंदा म्हणाली, "बोला."